'मिस्टिक रिव्हर': शॉनने तपास सोडायला हवा होता का?

केतकी: डेनिस लेहेनची ही कादंबरी (२००१) परवा दुसऱ्यांदा वाचून संपवली. शेवट फोडतेय, न वाचलेल्यांनी इथेच थांबा. बॉस्टनमधली कामगारवस्ती. १९७५ मध्ये पोलीस असल्याची बतावणी करून दोघे जण अकरा वर्षांच्या डेव्हला गाडीत घालून नेतात. त्याचे मित्र शॉन आणि जिमी बघत राहतात. डेव्ह चार दिवसांनी निसटून येतो. पंचवीस वर्षांनी जिमीच्या मुलीचा खून होतो. जिमी तुरुंगात जाऊन आलेला, आता दुकानदार. तपास आता पोलीस झालेल्या शॉनकडे, संशय डेव्हवर. आणि जिमी स्वतःच निवाडा करून डेव्हला मारतो, जो त्या खुनात निर्दोष असतो! शॉनला हे कळतं, तरी शेवटच्या मिरवणुकीत जिमी मोकळाच. शॉनने पहिल्याच दिवशी हा तपास सोडायला हवा होता. लेखकाने मैत्रीला झुकतं माप दिलंय.

श्रीरंग: मैत्री दिसली कुठे तुम्हाला? ती त्या गाडीबरोबरच गेली. उरलं ते एवढंच, की गाडीत डेव्ह बसला, आपण नाही. शॉन डेव्हला कुठेही सूट देत नाही. शिवाय दुसऱ्या अधिकाऱ्याला त्या गल्लीतलं काय कळलं असतं?

निनाद: गल्ली कळणारा पोलीस काय करतो, याचं खरं उदाहरण बॉस्टनमध्येच आहे. गुंड व्हायटी बल्जर आणि एफबीआयचा जॉन कॉनोली, दोघेही दक्षिण बॉस्टनच्या ओल्ड हार्बर वसाहतीतले. कॉनोलीने त्याला खबऱ्या केलं आणि वर्षानुवर्षं पाठीशी घातलं. १९९४ च्या डिसेंबरात अटक होणार ही खबरही त्यानेच फोडली. बल्जर २०११ पर्यंत फरार होता. कॉनोलीला शिक्षा झाली, पण मधल्या काळात मेलेल्या माणसांचं काय? मी केतकीताईंच्या बाजूने.

श्रीरंग: कॉनोलीने गुन्हेगाराला वाचवलं. शॉनने खरे खुनी पकडले. फक्त एक रात्र उशीर झाला. दोघांना एका मापाने मोजू नका.

केतकी: त्या एका रात्रीत माणूस गेला, श्रीरंग.

मृण्मयी: सगळे शॉनवरच का अडलात? डेव्हच्या बायकोला, सेलेस्टला, नवऱ्याचा संशय येतो, तेव्हा ती पोलिसाकडे जात नाही, जिमीकडे जाते. तपास कोणाकडेही असता तरी ती तिथेच गेली असती, कारण त्या वस्तीत न्याय जिमीच्या दारात मिळतो. मला राग येतो तो याचा. मिरवणुकीत ती गर्दीतून आपल्या मुलाला हाका मारत फिरते, ते पान मी अजून नीट वाचू शकत नाही.