शुगर मोजायचा सेन्सर तीन महिन्यांतून एकच परवडतो. तो नेमका कधी लावावा?

शिलाईवाली आई, दारव्हा तालुका

नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याला टाइप १ मधुमेह निघाला. रात्रभर उठून माठातलं पाणी प्यायचा, सहा वर्षांचा पोरगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला, लघवीच्या जागी मुंग्या लागायच्या. उन्हाळाच असा आहे, तहान लागणारच, असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो. मग उलट्या सुरू झाल्या आणि श्वास असा चालला होता जसं काही लांबून धावत आलाय. जवळच्या एका दवाखान्यात आधी ग्लुकोजची सलाईन लावली. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा शुगर ५१२. सहा दिवस भरती होता.

आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू आहे. साधं (लवकर काम करणारं) आणि दुधाळ (उशिरा जोर धरणारं), दोन्ही एकाच सिरिंजमध्ये, सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला जेवणाआधी. वजन २१ किलो. दिवसातून तीनदा बोट टोचते. चौथी स्ट्रिप काढताना हात अडखळतो, खोटं कशाला सांगू. त्याच्या बोटांची टोकं आता अशी झालीत की पाटीवर हात फिरवला तरी म्हणतो, आई, खरखरते.

गेल्या महिन्यात नागपूरच्या डॉक्टरांनी दंडाला लावायच्या सेन्सरबद्दल सांगितलं, म्हणजे सीजीएम. चौदा दिवस चालतो, दिवस-रात्र शुगर मोजतो. किंमत मेडिकलवाल्याने पाच हजारांच्या आसपास सांगितली, आणि वाचायचं यंत्र वेगळं. चार एकर कोरडवाहू आहे आमची, कापूस आणि तूर. लाडक्या बहिणीचे १५०० मी हात न लावता बाजूला ठेवते आणि शिलाईतून थोडे टाकते, तर तीन महिन्यांत एक सेन्सर होईल. वर्षाला चार.

घरात एकमत नाही. त्याचे बाबा म्हणतात, "बोटाले टोचून भागते ना, मंग हे कायले?" सासूबाई म्हणतात, लेकराच्या अंगाला यंत्र लावून शाळेत पाठवलं तर पोरं चिडवतील. मला दोघांचंही पटतं आणि नाहीही पटत. माझी खरी अडचण अशी आहे की सकाळी उपाशीपोटी त्याची शुगर २३०-२५० येते. म्हणून मी पंधरा दिवसांपासून रात्रीचं दुधाळ एक युनिट वाढवलंय, तरी सकाळचा आकडा हटत नाही.

ज्यांच्याकडे वर्षाला मोजकेच सेन्सर आहेत त्यांनी सांगा: चौदा दिवस लावून मग अडीच महिने काही नाही, याचा उपयोग होतो का? आणि ते चौदा दिवस कोणते निवडावेत?


संत्र्याच्या बागेतला बाप, वरुड

ताई, मी उलटं सुरू करतो. सेन्सर नंतर. आज रात्री अडीचला उठून त्याचं बोट टोचा. उद्या आणि परवाही टोचा. आणि तो वाढवलेला एक युनिट डॉक्टरांना फोन करून सांगा, आजच.

का ते सांगतो. माझी मुलगी अकरा वर्षांची, टाइप १ निघून पाच वर्षं झाली. आमचंही तुमच्यासारखंच होतं, सकाळी २४०, आणि मीही शहाणपणा करून रात्रीचं वाढवत होतो. पहिला सेन्सर लावला आणि तिसऱ्या सकाळी यंत्रावर रात्रीची रेघ पाहिली. अकरानंतर रेघ उतरायला लागलेली, दीड-दोनच्या सुमारास ५५ (७० च्या खाली जायला नको), तासभर तिथेच पडून, आणि पहाटे पुन्हा चढत २४० वर. पोरगी माझ्या शेजारच्या खाटेवर झोपली होती. मला कळलंसुद्धा नाही. ती रेघ पाहून मी अंगणात जाऊन बसलो होतो, बराच वेळ.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. दुधाळ इन्सुलिनचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते आठ-दहा तासांनी असतो. संध्याकाळी सातला दिलं की तो जोर ऐन मध्यरात्री येतो, जेव्हा पोटात काही नसतं. पहाटे जोर ओसरतो, त्यात शरीर स्वतःही शुगर वाढवतं, म्हणून सकाळी जास्त दिसते. आमचं साधं जेवणाआधीच ठेवलं आणि दुधाळ तेवढं झोपताना दहाला द्यायला सांगितलं, वर मात्रा कमी केली. तुमच्या मुलाचं असंच असेल असं मी म्हणत नाही. काही लेकरांची रात्रभर जास्तच असते आणि त्यांना खरंच वाढवावं लागतं. पण सकाळच्या एका आकड्यावरून दोन्हीतलं कोणतं, हे ओळखता येत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, चौदा दिवसांचा उपयोग होतो, फार होतो. आम्हीही वर्षाला चार-पाचच लावतो. एक ठरलेला, डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या दोन आठवड्यांत, म्हणजे त्यांच्यासमोर ताजी रेघ असते. हा कधी चुकवायचा नाही. बाकीचे, घरातलं काही बदलतं तेव्हा. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, जेवणाच्या वेळा हलतात, तेव्हा एक. दिवाळीच्या सुट्टीत पोरगी दिवसभर बागेत पळते, आणि पळण्याचा परिणाम त्याच रात्री उशिरा दिसतो हे मला सेन्सरनेच शिकवलं. आता सेन्सर नसला तरी जास्त खेळलेल्या दिवशी झोपताना मी एक जास्तीची स्ट्रिप वापरतो. त्या अडीच महिन्यांत स्ट्रिपा कुठे खर्च करायच्या, ते तुम्हाला चौदा दिवस सांगून जातात.

सोबत वही ठेवा. वेळ, काय खाल्लं, किती खेळला. आमच्या वहीत ज्वारीची एक भाकर आणि वरण या दिवसाची रेघ आणि पोह्यांच्या दिवसाची रेघ शेजारी शेजारी लावली तेव्हा बायकोने पोहे आपणहून कमी केले. मी वर्षभर सांगत होतो, ऐकलं नव्हतं.

आमचा सेन्सर बिनाअलार्मचा आहे, यंत्र जवळ नेलं तरच आकडा दाखवतो, आणि मागच्या आठ तासांचंच साठवून ठेवतो. त्यामुळे झोपताना दहाला एकदा आणि सकाळी सहाच्या आत एकदा यंत्र लावायचंच, नाहीतर मधली रेघ तुटते. शाळा दहा ते पाच, म्हणजे जाताना आणि आल्यावर. यंत्र शाळेत पाठवायची गरज पडली नाही. यंत्र एकदाच घ्यावं लागतं, पुढे फक्त सेन्सर.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो. धरणातून पाणी सोडलं तरी पाटाच्या शेवटच्या वावरात उशिरा पोहोचतं, तसं. पाच-दहा मिनिटं, कधी पंधरा. एकदा ६२ दिसलं, साखर दिली, दहा मिनिटांनी पाहिलं तर ५८. घाबरून पुन्हा दिली, वर केळं दिलं. तासाभरात ३१०. साखर दिल्यावर पंधरा मिनिटांनी बोटच टोचायचं, यंत्राकडे पाहायचं नाही.

चिकटण्याबद्दल: स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, फुंकर मारू नका. खोबरेल तेल त्या दंडापासून लांब ठेवा. आमचा दुसरा सेन्सर पाचव्या दिवशी गळून पडला तो रविवारी डोक्याला लावलेल्या तेलाने, ओघळ दंडापर्यंत गेला होता. पाच हजार गेले.


स्टाफ नर्स, ग्रामीण रुग्णालय

वरच्या दादांनी अनुभवातून नेमकं सांगितलंय. दोन-तीन गोष्टी जोडते.

शुगर कमी झाल्यावर किती साखर द्यायची यात आयांची चूक होते. एका वेळी १५ ग्रॅम साखर द्यायचा नियम मोठ्या माणसांचा आहे. मुलांना किलोमागे ०.३ ग्रॅम धरतात. २१ किलोला साधारण सहा-सात ग्रॅम, म्हणजे दीड लहान चमचा साखर पाण्यात. पेढा, बिस्कीट, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलाने साखर रक्तात उशिरा चढते. बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

मूल सेन्सरच्याच दंडावर झोपलं तर दाबामुळे आकडा खोटाच कमी दिसतो. रात्री कमी दिसलं की आधी कूस बदलवा आणि बोट टोचून खात्री करा. अंगाची लक्षणं एक सांगतात आणि यंत्र दुसरंच, तेव्हाही बोटावर विश्वास. त्यामुळे सेन्सर लावला म्हणून स्ट्रिपा बंद होत नाहीत, कमी होतात.

आपल्याकडच्या मे महिन्याचं: असे सेन्सर ४५ अंशांपर्यंतच काम करतात. भर दुपारी उन्हातून आलेल्या मुलाच्या दंडावर यंत्र लावलं तर आकड्याऐवजी सेन्सर गरम झाल्याची सूचना येते. घाबरू नका, सावलीत बसवा, थोड्या वेळाने पुन्हा लावा. न उघडलेला डबाही पत्र्याच्या घरात ठेवू नका. लोडशेडिंगमध्ये इन्सुलिन जसं माठात ठेवता, एका मोठ्या मडक्यात ओली रेती आणि त्यात लहान मडकं, तसंच थंड जागी ठेवा, फक्त डब्याला ओल लागू देऊ नका.

रेघेचं काय पाहायचं तर ७० ते १८० मध्ये दिवसाचा किती भाग गेला. डॉक्टर ७० टक्क्यांच्या वर धरतात. पहिल्या वेळी ४० आले तर रडू नका. त्याआधी ७० च्या खाली किती वेळ गेला ते पाहा. तो ४ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे दिवसात तासाभरापेक्षा कमी.


होस्टेलवाली, अमरावती

काकू, मी वीस वर्षांची आहे. आठव्या वर्षापासून टाइप १. तुमच्या मुलाच्या बाजूने लिहिते.

मला पहिला सेन्सर दहावीत लागला. बोटं वाचली, तो आनंद खूप मोठा होता. पण आई दर दहा मिनिटांनी "हात पुढे कर" म्हणायची आणि २६० दिसलं की पहिला शब्द, "काय खाल्लं?" मी काहीच खाल्लेलं नसायचं. सर्दी असली तरी वाढते, परीक्षेच्या भीतीनेही वाढते. महिनाभरात मी ओढणी दंडाला गुंडाळून फिरायला लागले आणि सेन्सर खराब झाला असं खोटं सांगून एक काढूनही टाकला. आईला आजही माहीत नाही.

तो शाळेतून आला की दारातच यंत्र लावू नका. चप्पल काढू द्या, पाणी पिऊ द्या. आणि यंत्र त्याच्याच हातात द्या. आठ वर्षांचा मुलगा सहज शिकतो. आकडा त्याने तुम्हाला सांगायचा, तुम्ही म्हणायचं, बरं, वहीत लिही.

चिडवण्याचं म्हणाल तर वर्गात बाईंनीच एकदा सगळ्या मुलांना दाखवलं की दोन दिवसांत नवल संपतं. शाळेने नाही म्हटलं तर सांगा, २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना लिहिलं आहे की टाइप १ च्या मुलांना शाळेत शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळेत खाऊ द्यावं. आणि त्याच्या खिशात साखरेची पुडी कायम असू द्या.


शिलाईवाली आई, दारव्हा तालुका

तिघांनाही उत्तर द्यायला चार दिवस लागले.

दादा, तुम्ही लिहिलं त्याच रात्री अडीचचा गजर लावला. ६१. माझे हात कापत होते, दुसऱ्या बोटाला पुन्हा टोचलं, ५९. बाबांना उठवलं. दीड चमचा साखर पाण्यात कालवून दिली, तो डोळे न उघडताच प्यायला आणि शेवटी चमचा चाटत राहिला. पंधरा मिनिटांनी ८८. सकाळी उपाशीपोटी पुन्हा २४४. दुसऱ्या रात्री ६४.

डॉक्टरांना फोन केला, पंधरा दिवस मी काय करत होते ते सगळं सांगितलं. रागावले नाहीत. वाढवलेलं युनिट काढायला लावलं, दुधाळ झोपताना द्यायला सांगितलं आणि सेन्सर आत्ताच लावा म्हणाले, तीन महिने पूर्ण व्हायची वाट पाहू नका. त्याच्या बाबांनी त्या रात्रीचा ५९ स्वतः पाहिला होता. कृषी केंद्रात द्यायला ठेवलेल्या पैशांतून त्यांनीच तीन हजार काढून दिले आणि काल यवतमाळहून सेन्सर आणि यंत्र घेऊन आले.

पुढच्या आठवड्यात तान्हा पोळा आहे. लाकडी बैल घेऊन दिवसभर घरोघरी फिरेल, बोजारा गोळा करेल, प्रत्येक घरी कोणीतरी हातावर काहीतरी ठेवेल. मागच्या वर्षी मी त्याला दोनच घरं फिरू दिली होती. या वर्षी तो दिवस चौदात बसवला आहे. यंत्र त्याच्याच खिशात राहील. आज त्याला शिकवलं, त्याने आजीच्या दंडाला लावून पाहिलं आणि विचारलं, हिचा आकडा का येत नाही?

होस्टेलवाली बाळा, दारातलं पाणी लक्षात ठेवलंय.