विषय: मोकळ्या मैदानात बास गिटारसाठी कोणता अ‍ॅम्प घ्यावा?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

यंदा पार्कातल्या गणेशोत्सवात आणि विसर्जन मिरवणुकीत आपला वाद्यवृंद वाजणार आहे. कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन गायक आणि पहिल्यांदाच बास गिटार. बास वाजवणारी आपल्याच मंडळातली शाळकरी मुलगी आहे. तिच्याकडचा अ‍ॅम्प घरच्या रियाजापुरता आहे. पार्कात मंचाजवळ विजेची सोय आहे आणि पीए, म्हणजे लोकांपर्यंत आवाज नेणारे मोठे लाउडस्पीकर, आपण भाड्याने आणतोच. मिरवणुकीत वीज नाही.

समितीत दोन मतं आहेत. काहींना ५०० वॉटचा दणकट अ‍ॅम्प हवा आहे, काहींना बॅटरीवर चालणारा छोटा. ज्यांनी उघड्यावर बास वाजवला आहे त्यांनी कृपया लिहावं. रविवारी ऑर्डर द्यायची आहे.

---

प्रेषक: एक जुना सभासद

नमस्कार,

वॉटचा विचार जरा बाजूला ठेवू. पहिला प्रश्न असा, की श्रोत्यांपर्यंत बास पोचवणार कोण, अ‍ॅम्प की पीए? याचं उत्तर मिळालं की निम्मी खरेदी झाली.

बासची सर्वांत खालची तार ई, म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ (सेकंदाला ४१ कंपनं; आकडा जितका लहान तितका सूर खालचा). हॉलमध्ये भिंती, छत, कोपरे हा खर्ज परत फेकतात, म्हणून छोटा अ‍ॅम्पही भारदस्त वाटतो. मैदानात ती मदत नसते. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप) उतरतो. अ‍ॅम्पपासून १ मीटरवर जो आवाज आहे, तो १६ मीटरवर २४ डेसिबलने कमी झालेला असतो. शिवाय खालचा सूर काढायला स्पीकरच्या पडद्याला फार कष्ट पडतात. ८० हर्ट्झचा सूर जेवढ्या जोराने ऐकू येतो, तेवढ्याच जोराने ४० हर्ट्झचा काढायचा तर पडदा चौपट हलावा लागतो. छोटे स्पीकर बाहेर फाटल्यासारखे वाजतात ते यामुळे.

आता ५०० वॉटबद्दल. उदाहरणादाखल फेंडरचे दोन अ‍ॅम्प घेऊ. रंबल ५०० मध्ये १० इंची दोन स्पीकर आहेत, वजन साडेसोळा किलोच्या आसपास. पण तो ५०० वॉट देतो ते बाहेरून आणखी एक कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची वेगळी पेटी, जोडल्यावर. एकटा असताना ३५० वॉट. रंबल १०० मध्ये १२ इंची एक स्पीकर, वजन १० किलो. शक्ती दुप्पट केली की हाती ३ डेसिबल लागतात, म्हणजे १०० आणि ३५० वॉटमधला फरक साडेपाच डेसिबलचा. मोठ्या अ‍ॅम्पला स्पीकरच्या जास्त क्षेत्रफळाचा फायदा मिळतो, तो मला मान्य आहे. तरीही वॉटची ही सगळी वाढ श्रोता ८ मीटरवरून १६ मीटरवर सरकला की संपते. मागच्या रांगेतल्या आजी-आजोबांपर्यंत बास नेणं हे कुठल्याच उचलून नेता येणाऱ्या अ‍ॅम्पचं काम नाही.

पूर्वी ते अ‍ॅम्पलाच करावं लागे. १९६९ मध्ये अँपेगने ३०० वॉटचा एसव्हीटी काढला. सोबत १० इंची आठ-आठ स्पीकरांची कपाटं असत, कारण तेव्हाच्या पीएमधून बास नीट जातच नसे. आता सबवूफर (फक्त खर्जासाठीचा मोठा स्पीकर) असलेला पीए ते काम सहज करतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: अ‍ॅम्प वादकासाठी आणि शेजारच्या ढोलकीवाल्यासाठी घ्या, लोकांसाठी पीए आहे. त्यासाठी १०० वॉटचा पुरतो. अ‍ॅम्पच्या मागे एक्सएलआर लाइन आउट, म्हणजे बासचा सिग्नल बाहेर देणारं तीन पिनांचं सॉकेट, असलाच पाहिजे. तो नसेल तर बाकीचे गुण कितीही चांगले असोत, घेऊ नका. तिथून संतुलित (बाहेरची गुणगुण आपोआप रद्द करणारी) केबल थेट मिक्सरला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून पीएला देणाऱ्या पेटीला, जाते आणि लांबलचक ओढली तरी गुणगुण येत नाही. गिटारची साधी केबल एवढी लांब नेता येत नाही. लाइन आउटला प्री आणि पोस्ट (टोनच्या बटणांच्या आधीचा की नंतरचा सिग्नल) असं बटण असेल तर प्रीवर ठेवावं, म्हणजे मुलीने स्वतःसाठी बेस-ट्रेबल फिरवलं तरी मिक्सरवरचा आवाज बदलत नाही. भाड्याचा पीए ठरवताना सबवूफर आहे का, हे आत्ताच विचारून घ्या.

अ‍ॅम्प कुठे ठेवायचा यालाही महत्त्व आहे. पोकळ लाकडी मंचावर तो घुमतो, तिथे खाली फोम घालावा आणि तोंड किंचित वर करावं. मागे भिंत किंवा उभी व्हॅन असेल तर खर्ज फुकटात वाढतो.

---

प्रेषक: खजिनदार

दादा, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. दोन शंका. मिरवणुकीसाठी वेगळा बॅटरीवाला अ‍ॅम्प घ्यायचा म्हणजे खर्च दोनदा. आणि आपल्याकडे निवेदनासाठी बॅटरीवर चालणारा एक पीए स्पीकर आहेच, त्यातच बास लावला तर?

---

प्रेषक: एक जुना सभासद

त्या छोट्या स्पीकरमध्ये बास लावला तर सूर ओळखू येईल, पण अंग राहणार नाही. अशा प्रकारच्या स्पीकरांची खालच्या सुरांकडची पोच साधारण ६० हर्ट्झच्या आसपास संपते. त्याहून वाईट म्हणजे बासचा जोर वाढला की आतला लिमिटर (स्पीकर फाटू नये म्हणून आवाज रोखणारी सोय) सगळाच आवाज दाबतो आणि निवेदिकेचे शब्दही गिळले जातात. बास आणि बोलणं एकाच छोट्या पेटीत घालू नये.

पेटी लहान, खर्ज खोल आणि आवाज मोठा, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, कुठल्या तरी दोनच मिळतात. स्पीकर बनवणारे याला हॉफमनचा नियम म्हणतात. केएलएच या कंपनीच्या नावातला एच तो हॉफमन यांचाच. जाहिरातीत तिन्हींचं आश्वासन दिसलं तर थांबावं.

खर्च मात्र दोनदा करायची गरज नाही. तोच १०० वॉटचा अ‍ॅम्प आणि सुमारे ५०० वॉट-अवरचं (५०० वॉट एक तास पुरवेल एवढ्या साठ्याचं) पॉवर स्टेशन, म्हणजे प्लग पॉइंट असलेली मोठी बॅटरी, घ्या. संगीत वाजताना अ‍ॅम्प सतत पूर्ण ताकदीने चालत नाही, सरासरी ओढ बरीच कमी असते. ती ७० वॉट धरली आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारा भाग वजा करून ४०० वॉट-अवर हाती राहिले, तरी साडेपाच तास झाले. पॉवर स्टेशन प्युअर साइन वेव्हचंच, म्हणजे घरच्या विजेसारखी स्वच्छ वीज देणारं, हवं. स्वस्त इन्व्हर्टरवर अ‍ॅम्पमधून किरकिर येते. जनरेटर नको. होंडाचा ईयू२२००आय त्या वर्गात शांत समजला जातो, तरी आरतीच्या वेळी तो शेजारी चालू असणं मला पटत नाही. पॉवर स्टेशन कोजागिरीला आणि पिकनिकलाही उपयोगी पडेल.

पेन्सिल सेलवर चालणारे अ‍ॅम्पही मिळतात. रोलँडच्या मायक्रो क्यूब बास आरएक्समध्ये ६ एए सेल आणि ४ इंची चार स्पीकर आहेत. तालमीला छान, पण मिरवणुकीत तो विरून जाईल.

आणि मिरवणुकीबद्दल मनापासून एक विनंती. ढोल-ताशा सुरू असताना बास वाजवायला लावू नका. ढोलाचा ठोका नेमका त्याच पट्ट्यात येतो आणि तीस ढोलांपुढे कुठलाही अ‍ॅम्प हरतो. मग मुलगी आवाज वाढवत जाते, स्पीकर फाटतो, आणि तिने घरी बसवलेलं काहीच कुणाला ऐकू जात नाही. पथक चौकात थांबतं, ध्वज खाली येतात, तेव्हा दहा मिनिटं वाद्यवृंदाला द्या. तिथे लोक जवळ, गोलात उभे असतात. तेवढ्या अंतराला १२ इंची एक स्पीकर पुरतो.

---

प्रेषक: बासवादक मुलीची आई

दादा, तुमची दोन्ही पत्रं तिने वाचली. १० किलो ती स्वतः उचलू शकेल, याचाच तिला जास्त आनंद आहे. तिचा प्रश्न: ढोलकीबरोबर वाजवताना तिचा आवाज चिखलासारखा होतो, शब्द तिचाच. अ‍ॅम्पवर काय करावं?

---

प्रेषक: एक जुना सभासद

तिला सांगा, सगळ्यात खालचा बेस वाढवायचा मोह टाळ. तो थोडा कमी कर आणि लो-मिड (त्याच्या जरा वरच्या सुरांचं बटण) वाढव. कानाला खर्जाचा सूर कळतो तो बराचसा त्याच्या वरच्या स्वरांशावरून (मूळ सुरासोबत आपोआप उमटणारे वरचे सूर), म्हणजे ८० ते २५० हर्ट्झ नीट गेले तरी खालची ई तार भरीव वाटते. मिक्सरवर बासच्या चॅनलला ४० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचे सूर कापणारी गाळणी) लावून घ्यावा. ढोलकीच्या डाव्या हाताचा घुमारा जिथे पडतो, तिथे बासने लांब सूर धरून ठेवू नये, तोडून वाजवावं. कोळीगीतांत तर हे फारच शोभतं.

अ‍ॅम्प उन्हात ठेवू नका. काळी पेटी तापली की आतलं संरक्षण तिला बंद पाडतं. वर छत्री धरा, पण मागची हवा अडवू नका. आणि पथकाजवळ उभं राहताना तिच्या कानात इअरप्लग असू देत. हे सगळ्याच मुलांना लागू आहे.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मंडळी, रविवारपर्यंत न थांबता ठरवलं आहे. १२ इंची १०० वॉटचा अ‍ॅम्प, एक्सएलआर लाइन आउटसह, आणि प्युअर साइन वेव्हचं पॉवर स्टेशन. पीएवाल्याने सबवूफर आणायचं मान्य केलं आहे. ढोल-ताशा पथकाच्या प्रमुखांशी बोलणं झालं, चौकातल्या थांब्यावर दहा मिनिटं वाद्यवृंदाची.

येत्या शनिवारी सकाळी पार्कातच तालीम घेऊ. अ‍ॅम्प वाजवायची परवानगी १० वाजल्यापासून आहे, त्याआधी फक्त मांडामांड. मागच्या बाकांजवळ उभं राहून बास कसा पोचतो ते सांगायला दोघं-तिघं हवे आहेत. दादा, तुम्ही मिक्सरपाशी थांबाल का? ज्यांच्याकडे लांब एक्सएलआर केबल आणि दुमडती ट्रॉली आहे, त्यांनी कृपया कळवावं.