शिडाच्या नौकेसाठी कायमचे बंदर निवडण्याबाबत मदत हवी आहे

आमच्या २८ फुटी नौकेची स्थिर कील (तळाखाली कायम बसवलेला जड उभा पंखा) पाण्याखाली दीड मीटर जाते. पाहिलेल्या दोन बंदरांपैकी पहिले खाडीत, वाऱ्यापासून सुरक्षित आहे. परंतु मुखाशी वाळूचा दांडा असून उधाणाच्या ओहोटीला तेथे जेमतेम एक मीटर पाणी उरते. दोराला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याने आम्ही स्वतः खोली मोजली, तेव्हा तळाचा नमुना यावा म्हणून गोळ्याच्या बुडाला लावलेल्या चरबीला बारीक वाळू चिकटून आली, म्हणजे दांडा सरकता असावा. दुसरीकडे खोली भरपूर आहे, पण लाटांमुळे एका रात्रीत धक्क्याचा दोर अर्धा झिजला. भरतीची वेळ पाळून निघण्याची आमची तयारी आहे, त्यामुळे कल खाडीकडेच आहे. दांडा ओलांडताना कीलखाली किमान किती पाणी राखावे, आणि समुद्राकडून लाटा येत असल्यास त्यात किती वाढ धरावी?