पोकेमॉनमध्ये मदत हवी आहे: आमचा स्पीड 169, समोरच्याचा 136, तरी तो आधी कसा खेळला?

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यातून लिहितोय. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. धाकट्या भावाला (आठवीत आहे) सुट्टी लागली, म्हणून तोही माझ्याबरोबर मळ्यात येतो. मोटर चालू केली की ठिबकचा वॉल बदलेपर्यंत दोन तास बसायचंच असतं. तेवढ्या वेळात मोबाईलवर शोडाउन (पोकेमॉन लढाईची वेबसाइट) उघडून आम्ही पोकेमॉनच्या डबल बॅटल (दोन विरुद्ध दोन) खेळतो. परवा एका टर्नवरून आमचं जोरात वाजलं. मला त्याचं खरं उत्तर हवं आहे, अंदाज नको.

आधी आमचं गणित सांगतो, चूक तिथेच असेल तर लगेच कळेल. आमचा गारचॉम्प, बेस (जातीचा मूळ) स्पीड 102. त्याची दुप्पट 204, त्यात आयव्हीचे (जन्मजात गुण) 31, आणि ईव्ही (सरावाचे गुण) 252 दिले त्याचा चौथा हिस्सा 63. झाले 298. लेव्हल 50 म्हणून निम्मे 149, अधिक 5 म्हणजे 154. जॉली स्वभावाचे दहा टक्के वाढवून, अपूर्णांक सोडून 169. समोर धुळ्याचा मामेभाऊ होता. त्याच्या घोल्डेंगोचा बेस 84. पूर्ण ईव्ही दिलेत, पण स्वभाव स्पीडचा नाही, म्हणून 136. हा आकडा अंदाजाचा नाही, लढाईनंतर त्याने टीम उघडून दाखवली.

आता तो टर्न. त्याचे शेवटचे दोन उतरले, व्हिम्सिकॉट आणि घोल्डेंगो. आमचाही एक त्याच वेळी पडला होता, त्याच्या जागी धाकट्याने अमूंगस आणला. इन्सिनरोर मागे शिल्लक होता. गारचॉम्प निम्म्या एचपीवर (जीव). धाकट्याने अर्थक्वेक दाबला. तो शेजाऱ्यालाही लागतो, म्हणून अमूंगसला प्रोटेक्ट. घोल्डेंगो स्टीलचा, अर्थक्वेक बसला की कंबर मोडणारच, असं धरून आम्ही बसलो. झालं असं: अमूंगसने प्रोटेक्ट केलं, व्हिम्सिकॉटने टेलविंड लावला, आणि लगेच, त्याच टर्नमध्ये, घोल्डेंगोने मेक इट रेन मारून गारचॉम्पला आडवा केला. अर्थक्वेक निघालाच नाही.

टेलविंडने स्पीड दुप्पट होतो हे मला माहीत आहे. पण मी ज्या लेखावरून शिकलो त्यात स्पष्ट लिहिलंय की टर्नच्या सुरुवातीला सगळ्यांचा क्रम लागतो आणि तो टर्न संपेपर्यंत हलत नाही. मग 136 वाला 169 वाल्याच्या पुढे गेला कसा?

आणखी दोन गोष्टी आहेत. आम्ही हॅटरीनने ट्रिक रूम लावली होती, टॉरकोल आमचा सगळ्यात मंद, म्हणजे तो आधी खेळायला हवा. तरी समोरच्या ड्रॅगोनाइटने एक्स्ट्रीम स्पीडने आधी घाव घातला. ट्रिक रूममध्ये वेगवान तो मागे ना? आणि दुसरं, त्याच लेखात पॅरालिसिसने स्पीड पाव होतो असं आहे. आमचा 132 चा ड्रॅगोनाइट पॅरालाइज झाल्यावर मी 33 धरला होता, पण समोरच्या 60 वाल्याच्या आधी तोच खेळला. फायदा आमचा झाला, पण हिशेब चुकलाच.

हे सगळं इतकं लांबण लावून का विचारतोय? धाकट्याला गणित बिलकूल आवडत नव्हतं. शेकडेवारी म्हटलं की पाणी प्यायला उठायचा. या खेळामुळे तो आता दहा टक्के, दीडपट, दोन तृतीयांश तोंडी करतो, त्याची स्वतःची वही आहे. परवा त्याने वही मिटली आणि म्हणाला, "दादा, गेम मनाला येईल तसं करतो, मोजून काय उपयोग?" मला त्याला बरोबर कारण दाखवायचं आहे. कृपया माहीतगारांनी सांगावं.

चोपडा_जुना_खेळाडू

भाऊ, मी डीएसवर (निन्टेंडोचं जुनं हातातलं यंत्र) डायमंड-पर्ल खेळलोय. टेलविंडचा स्पीड पुढच्या टर्नपासूनच क्रमात धरतात, त्याच टर्नमध्ये नाही. तुमचा लेख बरोबर आहे. मामेभावाने घोल्डेंगोला चॉइस स्कार्फ दिला असेल. 136 ची दीडपट 204 होते, 169 च्या पुढे.

केळीबाग (धागाकर्ता)

स्कार्फ नव्हता दादा, टीममध्ये आयटम पाहिला. आणि त्याच्या आदल्या लढाईत हाच गारचॉम्प ह्याच घोल्डेंगोच्या आधी खेळला होता. त्या वेळी टेलविंड नव्हता.

भुसावळ_जंक्शन

केळीबाग भाऊ, तुमचं गणित शंभर टक्के बरोबर आहे. चोपड्याच्या दादांचंही त्यांच्या गेमपुरतं बरोबर आहे. जुनं झालंय ते तुमचं पान.

2019 च्या स्वोर्ड-शील्ड गेमपासून नियम बदलला. त्याआधी टर्नच्या सुरुवातीला यादी बनायची आणि ती शेवटपर्यंत तशीच चालायची. आता प्रत्येक मूव्ह झाली की जे खेळायचे बाकी आहेत त्यांचा क्रम पुन्हा लागतो. तुमच्या टर्नमध्ये टेलविंड लागला तेव्हा गारचॉम्प आणि घोल्डेंगो दोघं बाकी होते. त्या क्षणी गेमने परत मोजलं: तुमचे 169, त्याचे 272. त्यामुळे तो आधी. व्हिम्सिकॉट आधीच खेळून गेला होता, त्याला त्या टर्नपुरता काही फायदा नाही. शोडाउनवर तुम्ही आत्ताच्या पिढीचा फॉरमॅट खेळताय, तिथे हाच नियम.

पॅरालिसिसचंही तेच. 2016 च्या सन-मून गेमच्या आधी पाव उरायचा, तिथून पुढे निम्मा. 132 चे 66, म्हणून 60 वाल्याच्या आधी. पंचवीस टक्के वेळा हालचालच होत नाही, ते मात्र होतं तसंच आहे.

आता एक्स्ट्रीम स्पीड. आमच्याकडे स्टेशनवर सगळं गाडीच्या भाषेत कळतं, म्हणून तसं सांगतो. प्रत्येक मूव्हचा एक डबा ठरलेला आहे. प्रोटेक्टचा डबा अधिक 4, फेक आउटचा अधिक 3, एक्स्ट्रीम स्पीडचा अधिक 2, क्विक अटॅक, अॅक्वा जेट वगैरे अधिक 1. बहुतेक मूव्ह शून्याच्या डब्यात. रोअर उणे 6 मध्ये, आणि खुद्द ट्रिक रूम सगळ्यात मागे, उणे 7. पुढचा डबा रिकामा झाल्याशिवाय मागच्या डब्यातलं कोणी उतरत नाही. स्पीड बघतात तो फक्त एकाच डब्यातल्या माणसांचा. ट्रिक रूम डब्याच्या आतली रांग उलटी करते, डबे उलटे जोडत नाही. टॉरकोल शून्याच्या डब्यात बसलेला, ड्रॅगोनाइट अधिक 2 मध्ये.

व्हिम्सिकॉटचा टेलविंड इतक्या लवकर का, तेही इथेच आलं. त्याची अॅबिलिटी प्रँकस्टर, म्हणजे स्टेटस मूव्हला (ज्यात घाव नाही) एक डबा पुढे. आणि एक लक्षात घ्या, मोजणी परत होते ती स्पीडची. टर्न सुरू झाल्यावर मूव्हचा डबा बदलत नाही.

चोपडा_जुना_खेळाडू

हे मला माहीत नव्हतं. डीएसनंतर माझा हात सुटला तो सुटलाच. चुकीचं सांगितलं, माफ करा.

साक्रीची_ताई

दादा, "का झालं" हे भुसावळच्या भाऊंनी नीट सांगितलं. मी तुमच्या धाकट्यासाठी "काय करता आलं असतं" ते सांगते, कारण त्या टर्नला उत्तर होतं आणि ते तुमच्याच टीममध्ये बसलेलं होतं.

अमूंगसऐवजी इन्सिनरोर उतरवायचा. मैदानात उतरल्यावर पहिल्याच टर्नला त्याचा फेक आउट चालतो, नंतर नाही. फेक आउटचा डबा अधिक 3, प्रँकस्टरचा टेलविंड अधिक 1. म्हणजे व्हिम्सिकॉट दचकला असता, टेलविंड लागलाच नसता, घोल्डेंगो 136 वरच राहिला असता आणि तुमचा गारचॉम्प आधी खेळला असता. फेक आउट घोल्डेंगोवर मारू नका बरं का, तो स्टीलबरोबर घोस्टही आहे, त्याला लागतच नाही.

पण मग अर्थक्वेक दाबायचा नाही. इन्सिनरोर आगीचा, शेजारून अर्थक्वेक बसला तर आपलाच माणूस जातो. गारचॉम्पला स्टॉम्पिंग टॅन्ट्रम शिकवा. जमिनीचीच मूव्ह, ताकद थोडी कमी, पण एकालाच लागते. मी स्वतः दोन महिने अर्थक्वेक धरून बसले होते आणि प्रत्येक वेळी शेजाऱ्याला प्रोटेक्ट करायला लावायचे. म्हणजे दर टर्नला एक माणूस बसूनच. डबलमध्ये तो फार मोठा तोटा आहे.

आणि तुमच्या भावाला सांगा, वही मिटू नकोस. त्याने 169 आणि 136 लिहून ठेवले होते म्हणूनच तर गडबड दिसली. नुसतं खेळणाऱ्याला ती दिसलीच नसती.

केळीबाग (धागाकर्ता)

ताई, भाऊ, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री पडताळून पाहिलं. दोन मोबाईल घेतले, मामेभावाकडून टीम मागवली आणि तोच टर्न पुन्हा पुन्हा खेळलो, गारचॉम्प पूर्ण एचपीवर ठेवून. टेलविंड लावला की पाचपैकी पाच वेळा घोल्डेंगो आधी. टेलविंड नाही लावला की पाचही वेळा गारचॉम्प आधी. तिसऱ्या वेळेलाच धाकट्याने वही ओढली आणि त्या पानावर 136 खोडून 272 केले.

नंतर त्याने स्वतःहून गारचॉम्पला स्कार्फ देऊन पाहिला. 169 ची दीडपट 253. "दादा, तरी एकोणीस कमी पडतात," हे तो कागद न घेता म्हणाला. मग आइसी विंडचा विचार केला. घोल्डेंगो एक पायरी खाली, 136 चे दोन तृतीयांश 90, टेलविंडने 180. स्कार्फवाला 253 त्याला गाठतो, साधा 169 नाही. पण आइसी विंड मारणाराच 272 च्या आधी खेळायला हवा ना? इथे आम्ही अडकलो.

आणि एक राहिलंच. गारचॉम्पसमोर गारचॉम्प, दोन्ही 169. चारपैकी तीन वेळा आम्ही मागे राहिलो. त्यालाही काही नियम आहे का?

भुसावळ_जंक्शन

बरोबरीला नाणेफेक, निम्मी-निम्मी. चारपैकी तीनदा हरणं अगदी होऊ शकतं, शंभर वेळा खेळाल तर पन्नासच्या आसपास येईल.

आइसी विंड साधी शून्याच्या डब्यातली मूव्ह आहे, त्यामुळे धाकट्याची शंका रास्त आहे. टेलविंड लागल्यावर त्याच टर्नला ती कामी येत नाही. फेक आउटने अडवा, किंवा तुमचाही टेलविंड लावा, मग साधा गारचॉम्प 338 होतो. टेलविंड चार टर्नचा असतो, लावला तो टर्न धरून. काहीच जमलं नाही तर प्रोटेक्ट आणि अदलाबदल करून ते टर्न काढा. ट्रिक रूम पाच टर्नची म्हणतात, पण ती लागतेच टर्नच्या शेवटी, म्हणून हातात चारच येतात. तेही वहीत लिहून घ्यायला सांगा.

केळीबाग (धागाकर्ता)

लिहून घेतलं. तो विचारतोय, टेलविंड दोन्हीकडे आणि वर ट्रिक रूम पण असेल तर 338 वाला शेवटी जाणार ना? मी म्हटलं, आधी तू मांडून दाखव, मग इथे विचारू. सध्या कंदिलाजवळ बसून मांडतोय. माझी वॉल बदलायची वेळ झाली, जाऊन येतो.