प्रति: ड्रायव्हरमधले नुसते आकडे
"डेटाशीट उघडून बघता येतं, मग प्रत्येक आकड्याला नाव कशाला?" हा ड्रायव्हरबद्दलचा (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडबद्दलचा) वरचा मुद्दा मला नाही पटला. डेटाशीट म्हणजे चिपचं माहितीपत्रक. आमच्या इंदुरात "संध्याकाळी छप्पनवर ये" (छप्पन दुकान, आमची खाऊगल्ली) म्हटलं की कोणी दुकानं मोजत बसत नाही, सरळ खायलाच पोचतो. पण ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे म्हणून. कोडमधला हेक्स ८० (सोळाच्या पायात लिहिलेला ८०) कोणाला ठाऊक असतो?

मागे एका वजनकाट्याच्या सिरियल पोर्टचा जुना कोड हाती आला. पोर्ट सांभाळणारी चिप १६५५० जातीची. रजिस्टर (चिपमधला कप्पा) ३ मध्ये हेक्स ८०, मग ० मध्ये १२, १ मध्ये ०, आणि परत ३ मध्ये ३. बस, चार ओळी, एक कॉमेंट नाही. यातला ८० म्हणजे डीलॅब बिट. तो चढला की ० आणि १ या पत्त्यांवर नेहमीच्या डेटा नि इंटरप्ट-एनेबल कप्प्यांच्या जागी डिव्हायझर, म्हणजे वेग ठरवणारा भाजक, येतो. शेवटची, तो बिट उतरवणारी ओळ मला फालतू वाटली, उडवली. बिट चढलेलाच राहिला आणि पाठवलेला प्रत्येक बाइट डिव्हायझरमध्ये! अख्खी दुपार मी केबल बदलत होतो.

लिनक्सच्या हेडरमध्ये (अशी नावं ठेवलेल्या फाइलमध्ये) यूएआरटी_एलसीआर_डीलॅब वगैरे नावं तयार आहेत, तीच घ्या. १२ च्या जागी मात्र गणितच लिहा: १८४३२०० (क्रिस्टलचे, म्हणजे चिपच्या घड्याळाचे, सेकंदाला ठोके) भागिले १६ (एका बिटाचे ठोके) भागिले ९६०० (हवा तो वेग, सेकंदाला बिट). क्रिस्टल बदलला तर कुठे हात घालायचा ते दिसतं.

बाकी, "वन" नावाचा कॉन्स्टंट आणि किंमत १, असले प्रकार उडवाच. तिथे मी तुमच्या बाजूने.