नोज फ्लूटची जुनी सूचनापत्रकं: काळ कसा ओळखायचा, जपायची कशी?

कागदवेडा: नाकाने वाजवायच्या बासरीची (नोज फ्लूट) जुनी सूचनापत्रकं जमवतो आहे. एका डबीत वाद्य आणि घड्या घातलेलं अमेरिकन पत्रक एकत्र आहे. वर्ष छापलेलं नाही. पत्ता ‘न्यूयॉर्क ११’ असा, खाली पेटंट क्रमांक. वाद्य टेकलेल्या जागी कागद तपकिरी झालाय, घडीवर तुटतोय. काळ कसा ठरवू? लॅमिनेशन चालेल का?

जीर्णपत्र: लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा सुखरूप निघत नाही. सगळ्यात आधी वाद्य आणि पत्रक वेगळं करा. वाद्य सेल्युलॉइडचं (एक जुनं प्लॅस्टिक) असेल तर विघटन होताना त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात आणि बंद डबीत साठून कागद जाळतात. बोटाने जोरात घासल्यावर कापराचा वास आला, तर सेल्युलॉइडच समजा. तापलेली सुई टोचून बघू नका, ते झटकन पेट घेतं. वाद्य पत्र्याचं असेल तर डाग गंजाचा.
पत्रक सपाट उघडून पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा लावून ठेवा. पाकिटाच्या दोन बाजू उघड्या राहू द्या. पीव्हीसीची पाकिटं नकोत. नोंद पेन्सिलीने, तीही पुठ्ठ्यावर.

खिळेजुळारी: काळ पत्त्यातच आहे. अमेरिकन शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग क्रमांक १९४३ पासून आला आणि १९६३ मध्ये पाच आकडी झिप कोड सुरू झाला. म्हणजे तुमचं पत्रक साधारण या दोन वर्षांमधलं. नवा कोड आल्यावरही जुना साठा वाटला जात असे, एवढी सवलत ठेवा. पेटंट क्रमांकावरून फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच कळतं.
जपानी पत्रकावर ‘ऑक्युपाइड जपान’ (दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातला जपान) असेल तर ते १९४५ ते १९५२ मधलं.
नक्कल ओळखायला दहापट भिंग घ्या. खिळ्यांच्या (धातूच्या अक्षरठशांच्या) छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाटते, कागदाच्या मागे दाब जाणवतो. काळ्या अक्षरांतच विखुरलेले रंगीत ठिपके दिसले तर ती बहुधा अलीकडची प्रिंटरची प्रत. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला तर तो बहुधा १९५० नंतरचा.

कागदवेडा: घडीवर सेलोटेप लावू का?

जीर्णपत्र: नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. आधी दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा. मग जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) हाताने फाडलेली पट्टी, रुंदी ६-८ मिमी, गव्हाच्या स्टार्चच्या पातळ खळीने मागून लावा. कापलेली सरळ कड नको, तिथेच नवी घडी पडते. शाई पाण्यात उतरते का, ते कोपऱ्यावर ओल्या कापसाने आधी तपासा. नंतर टीपकागदात दाबून रात्रभर.

खिळेजुळारी: आणखी एक: पत्रकातलं चित्र वाद्याशी ताडून बघा. चित्रात पत्र्याचं आणि डबीत प्लॅस्टिकचं असेल तर जोडी बहुधा नंतर जुळवलेली. तरी पत्रक टाकू नका, त्याची नोंद स्वतंत्र करा.