'जिओकॅश'ला मराठीत काय म्हणायचं? खजिना, ठेवा, पेव की अजून काही

सातमाळकर
मंडळी शब्द पाहिजेत, एक नाही दोन-तीन. जिओकॅशिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश सगळ्यांसाठी टाकतो, बाकीचे जीपीएस घेऊन जातात, हुडकतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबी होती तशीच परत ठेवून येतात. आत एखादं कीचेन, खेळणं असलं तर घ्यायचं पण त्याच तोलाचं दुसरं काहीतरी ठेवायचं. 2000 सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेनं साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि लगेच 3 मेला डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं ऑरेगनच्या रानात पहिली बादली ठेवली, तिथून हे सुरू झालं.

आता अडचण. आमच्याकडं कन्नड तालुक्यात 'जिओकॅश' म्हटलं की समोरचा विचारतो किती रुपयाच्या रिचार्जवर भेटतंय. त्याची काही चूक नाही, कॅश म्हणजे रोकड आणि जिओ म्हणजे सिमकार्ड. हा कॅश फ्रेंचमधून आलाय, मूळ अर्थ लपवणं, कॉम्प्युटरमध्ये 'कॅशे क्लिअर कर' म्हणतो तोच. मराठीत सगळीकडं 'खजिना शोध' लिहितात आणि मला ते जाम खटकतं. दुसरं, गुहेत डबी असेल तर त्या जागेला गुहाच म्हणायचं का लेणं? आणि तिसरं, या खेळात दोन वेगळे आकडे असतात, डिफिकल्टी (डबी हुडकायला किती कठीण) आणि टेरेन (तिथवर पोचायला किती कठीण), मराठीत दोन्हीला 'अवघड'च म्हणतात आणि सगळा घोळ होतो.

मांजराकाठ
खजिना तर अजिबात म्हणू नका दादा. मी लातूरकडचा, आमच्या भागात पडक्या गढीत नाहीतर डोंगराच्या कपारीत रात्री टॉर्च घेऊन चार पोरं दिसली की गाव एकच अर्थ काढतंय, गुप्तधन. म्हातारी माणसं अजून दफिना म्हणतात, निजामाच्या काळचा शब्द. त्यात तुमच्या हातात यंत्र, खांद्यावर दोर, अन् विचारल्यावर तुम्ही म्हणणार "काका, खजिना शोधूलालो"! पोलीसपाटील चहा पाजून सोडंल का?

गंमत नाही. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून हाय, जमिनीत लपवलेलं दहा रुपयाच्या वरचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतंय. शिवाय गुप्तधनापायी काय काय अघोरी प्रकार होतात ते आपल्याला ठाऊक हाय, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात उगीच नाही घेतलं ते. म्हणून खजिना, गुप्तधन, दफिना, घबाड ही सगळी पोरं एकाच घरची, एकालाबी बोलवू नका.

माझं मत विचाराल तर पेव. ज्वारी जमिनीत साठवायचं पेव, म्हणजे लपवून ठेवलेला साठाच की. फ्रेंच शब्दाचा इतिहास बी तसाच हाय म्हणतात, कॅनडाकडं कातड्यासाठी शिकार करणारे लोक आपला शिधा असाच लपवून ठेवायचे.

बारव
पेव छान आहे, 'मराठवाड्यात जिओकॅशिंगचं पेव फुटलं' असा मथळा पण फुकटात मिळेल. पण चालणार नाही, कारण पेव खणावं लागतं आणि या खेळात डबी पुरायला सक्त मनाई आहे. झाकायची, अडकवायची, चुंबकानं चिकटवायची, ढोलीत सरकवायची, पण कुदळ लावायची नाही. नेमका जो गैरसमज मांजराकाठ भाऊंना टाळायचाय तोच पेव म्हटल्यावर परत येतो, खोदकाम.

बळद त्यापेक्षा जवळचं आहे, जुन्या वाड्यात दोन भिंतींच्या मधे धान्य ठेवायची पोकळी असते ना ते. पण आजच्या पोरांना बळद सांगायला आधी वाडा दाखवावा लागेल.

सातमाळकर
हा पुरण्याचा मुद्दा डोक्यातच नव्हता आला. 'ठेवा' कसा वाटतो?

बारव
'सांस्कृतिक ठेवा' म्हणून भाषणांनी गुळगुळीत केलाय तो. आणि 'ठेव' म्हटलं की पतसंस्था आठवते, त्यात आपल्याकडं पतसंस्थेत ठेवलेलं परत मिळेल का हा वेगळाच धागा होईल.

खुलताबादची ताई
तुम्ही सगळे लपवणाऱ्याच्या बाजूनं शब्द शोधताय, शोधणाऱ्याच्या बाजूनं बघा की. गवसणं हे क्रियापद किती नेमकं आहे. चोर सापडतो, रस्त्यात नोट सापडते, त्यासाठी शोधलंच पाहिजे असं नाही. गवसतं ते ज्याच्या मागं तुम्ही लागलेले असता. आमच्याकडं जत्रेबद्दल म्हणतात ना हौशे, नवशे आणि गवशे. तर जिओकॅशिंग करणारा तो गवशा, करणारी ती गवशी, आणि वहीत ज्याचं पहिलं नाव तो पहिला गवशा. नाही मिळालं तर वहीच नाही, तेव्हा ऑनलाइन नोंदीत नुसतं 'नाही गवसलं' लिहायचं. इंग्रजीत यासाठी तीन-तीन अक्षरांची लघुरूपं पाठ करतात, आपल्याला गरज काय.

मांजराकाठ
ताई शब्द लै भारी. पण गवशे म्हणजे जत्रेत दुसऱ्याच्या खिशात काय गवसतंय का बघणारे ना?

खुलताबादची ताई
असू दे की. घेतलं तर तेवढंच परत ठेवायचं असा ज्यांचा नियम आहे त्यांनी हे नाव घेतलं तर शब्दाचीच अब्रू वाढेल. आणि डबीला डबीच म्हणा हो, मोठी असली तर डबा. त्यात लाजण्यासारखं काय आहे. इंग्रजी शब्दाइतकाच भारदस्त मराठी शब्द पाहिजे हा हट्ट कशाला, खेळाचं नाव जिओकॅशिंग राहू दे, रिचार्जवाले हळूहळू शिकतील.

सातमाळकर
डबी आणि गवशा, ठरलं माझ्यापुरतं. आता गुहा.

बारव
यावर जरा लांबच लिहितो, कारण इथं आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे आणि आपण उगाच 'अजिंठ्याच्या गुहा' म्हणत बसतो. माणसानं कोरलेलं ते लेणं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृत शिलालेखांत 'लेण' असाच शब्द आहे, संस्कृत लयन वरून, म्हणजे तो आपल्याकडं अखंड चालत आलाय. (अंगावर लेतात ते लेणं वेगळं बरं का.) नैसर्गिक ती गुहा. पण आपला सगळा मुलूख बेसाल्टचा, लाव्हाच्या थरावर थर. चुनखडी पाण्यात विरघळते म्हणून मेघालयात कित्येक किलोमीटरच्या गुहा आहेत, बेसाल्ट तसा विरघळत नाही. आपल्याकडं होतं काय की दोन कठीण थरांच्या मधला मऊ थर झिजतो आणि आडवी खाच पडते, धबधब्यामागं तर हमखास. ती कपार. दोन्ही बाजूनं कडे आणि मधून पाणी उतरलेलं ती घळ. माणसानं खणलेला बंदिस्त रस्ता ते भुयार. आणि देवगिरीवर जो काळोखाचा वळणावळणाचा रस्ता आहे त्याला तिथं येणारी माणसं 'अंधारी'च म्हणतात, मला तर पूर्ण काळोखी गुहेसाठी तोच शब्द वापरावासा वाटतो. हा फरक खेळात उपयोगाचा आहे, कपारीत टॉर्च नसला तरी भागतं, अंधारीत एक टॉर्च पण कमी, दोन पाहिजेत.

आणि शब्द बाजूला ठेवून एक, वेरूळ, अजिंठा, पितळखोरा, देवगिरी ही सगळी संरक्षित स्मारकं, तिथं डबी सरकवायचा विचार पण नको. 1958 च्या कायद्याखाली येतात ती, स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं. गौताळा अभयारण्य आहे, तिथं वनखात्याची परवानगी. अशा ठिकाणांसाठी या खेळात बिनडबीचा प्रकार आहे, अर्थकॅश म्हणतात, यातला अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी. जागेवर जायचं, खडक निरखायचा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची, ठेवायचं काही नाही आणि उचलायचं काही नाही. आपल्या कपारींना तोच शोभतो.

मांजराकाठ
पण गुहेत जीपीएस कसं चालंल? छताखाली सॅटेलाइट दिसतंय का.

सातमाळकर
नाहीच चालत. म्हणून नकाशावरचा बिंदू तोंडाचा देतात आणि पुढचं शब्दांत, 'डावा फाटा, तिसरा खांब, कमरेच्या उंचीवर'. कड्याच्या पायथ्याला तर उघड्यावर पण फोन 20-30 मीटर चुकवतो, कारण सिग्नल कातळावर आपटून फिरून येतो. म्हणजे अंधारीतली डबी आली की सगळी भिस्त मराठीवर! लिहिणाऱ्यानं 'आत गेल्यावर थोडं पुढे' असं मोघम लिहिलं तर संपलंच. आणि आत वाघळं लटकलेली असली तर सरळ मागं फिरायचं, त्यांचा त्रास आपल्याला नाही, आपला त्रास त्यांना, शिवाय त्यांच्या लेंडीच्या धुळीनं फुफ्फुसाचं इन्फेक्शन होऊ शकतं.

खुलताबादची ताई
आता ते दोन आकडे. डिफिकल्टीला 'शोध' आणि टेरेनला 'वाट' म्हणा, दोन्हीकडून 'अवघड' काढूनच टाका. एक ते पाच आणि मधे अर्धा-अर्धा वाढतो ना? मग बघा मराठीत किती झकास बसतं, 'शोध दीड, वाट साडेचार'. म्हणजे डबी समोरच आहे पण पोचेपर्यंत जीव निघेल. 'शोध साडेचार, वाट दीड', म्हणजे रस्त्यालगत आहे पण डोळ्यांची परीक्षा. वन पॉइंट फाइव्ह म्हणायची काही गरज नाही.

मांजराकाठ
वाट पाच म्हणजे लै चढण का?

सातमाळकर
चढण असलीच पाहिजे असं नाही, खास साधनाशिवाय पोचताच येत नाही ते पाच. दोर, गिर्यारोहणाचं सामान, होडी. धरणाच्या मधे सपाट बेटावर डबी असली तरी वाट पाचच. उलट नुसता लांबचा चढ साडेतीन-चारला थांबतो. वर्णनात लिहायला ट्रेकवाल्यांचे शब्द तयारच आहेत, घसारा म्हणजे सुट्या मुरुमाचा घसरता उतार, आडवी म्हणजे कड्याच्या पोटातून बाजूबाजूनं सरकत जाणं, कातळटप्पा, नाळ म्हणजे दोन कड्यांमधून उतरणारी चिंचोळी वाट, धार म्हणजे डोंगराचा अरुंद माथा. 'वाट चार, शेवटी घसारा आणि छोटी आडवी' एवढं वाचलं की माणूस बूट बघून ठरवतो जायचं का नाही.

बारव
डबीवर काय लिहायचं ते पण इथंच ठरवा, कारण बसस्टँडवर रात्रंदिवस ऐकतो आपण, बेवारस वस्तूला हात लावू नका. डबी पारदर्शक प्लॅस्टिकची घ्या, म्हणजे आत वही-पेन्सिल आहे ते बाहेरून दिसतं. जागेच्या मालकाला आधी विचारा आणि त्याचं नाव नको पण 'मालकाच्या परवानगीनं' एवढं लिहा.

मांजराकाठ
मी लिहून देतो घ्या. "ही खेळाची डबी हाय. आत वही हाय, पैसे नाहीत. बघा, नाव लिहा, झाकण घट्ट लावून जागेवर ठेवा. मालकाच्या परवानगीनं." शुद्ध मराठीत करायचं असंल तर ताईंनी करावं.

खुलताबादची ताई
नाही, असंच राहू दे. फक्त 'पैसे नाहीत' हे पहिल्या ओळीत घ्या आणि अक्षर मोठं काढा. आमच्या बाजूला लावणार असाल तर खाली दखनीत एक ओळ टाका, 'इस में पैसे नक्को ढूंडो'.